सतत गैरहजर

(१९९७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्याबद्दल जेवताना कुणीही विचारा, तुमच्या मुलांचे फोन आले तरी चालतील. पण माईक हातात आहे तोवर मला आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल बोलायचं आहे. तो आज इथे नाही. आपल्या ग्रुपवरही नाही, कारण ग्रुप दहावीच्या यादीवरून केला आणि तो दहावीपर्यंत पोचलाच नाही. त्याचं नाव मी घेणार नाही. ज्यांना आठवेल त्यांना आठवेल.

आठवीत, दिवाळीनंतर, सहल ठरली होती. जगभरातली माणसं अजिंठा बघायला आपल्या दारात येतात आणि आपण मात्र हट्ट करून शेगावला निघालो होतो. मी वर्गाची मॉनिटर. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे. एका दुपारी कंपासपेटीत ठेवलेले तीनशेचाळीस रुपये सापडेनात. सरांनी मला विचारलं, “तुझा कुणावर संशय आहे का?” मी त्याचं नाव सांगितलं. त्याला मी पेटीजवळ पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात होता की नव्हता हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. तो गायरानावर पालं टाकून राहणाऱ्या फासेपारध्यांचा मुलगा होता, एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं पुरलं. वर्गात कुणी “का?” म्हणून विचारलं नाही.

त्याचं दप्तर उलटं केलं. दोन वह्या, एक पाटी आणि चिंध्यांचा चेंडू निघाला. संध्याकाळी गावातली चार माणसं पालांपाशी जाऊन आली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दोन दिवसांनी पालं उठलेली होती. चौथ्या दिवशी पैसे सापडले, माझ्याच भूगोलाच्या वहीच्या कव्हरात. हरवू नयेत म्हणून मीच तिथे सरकवले होते आणि विसरले होते. मी सरांना “मिळाले” एवढंच सांगितलं. सहल झाली. गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, आनंदसागर तेव्हा नव्हतं.

गेल्या महिन्यात या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेत आले होते, तेव्हा विनंती करून जुनं जनरल रजिस्टर पाहिलं. त्याच्या नावापुढे शाळा सोडल्याचं कारण लिहिलं आहे: सतत गैरहजर. नोंद खरीच आहे. त्यानंतर तो सतत गैरहजरच होता. मी पंचवीस वर्षं डेटाबेसवर काम करते आहे. अक्षर न् अक्षर खरी असलेली नोंद किती खोटं बोलू शकते, हे त्या एका ओळीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणाने शिकवलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या वर्गात तांड्यावरची सहाजणं होती. सवलतीच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे ‘वि.जा.’ असं लिहायचे. विमुक्त जाती. आपण ते पाठ असल्यासारखं वाचायचो. विमुक्त म्हणजे कशातून सुटलेले, असं आपण कधी विचारलं नाही आणि इतिहासाच्या पुस्तकातही ते नव्हतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्यात जन्मलेलं पोर जन्मतःच गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्दीबाहेर जायचं नाही, काहींना तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. स्वातंत्र्य आलं १९४७ ला, आणि ही माणसं मोकळी झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ते विमुक्त. पण सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जातीचं नाव नव्हतं. वहीवरचं नाव बदललं, पण वही ज्यांच्या दारात जायची ती दारं फारशी बदलली नाहीत.

फासेपारध्यांचं आणखी वेगळं झालं. फासे लावून तितर-लावे धरणं हा त्यांचा धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तोही गेला. जंगल वाचायला हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या माणसांनी उद्यापासून काय खायचं, हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. जमीन नाही, गावात घर नाही, कागद नाही. आणि गावात चोरी झाली की पहिली धाड पालांवर. वर्तमानपत्रात तुम्ही मथळे वाचले असतील, ‘पारध्यांची टोळी जेरबंद’. दुसऱ्या कुठल्या जातीचं नाव टोळीला लावून छापलेलं मला तरी आठवत नाही.

अमेरिकेत काळ्या माणसाला त्याच्या रंगामुळे पोलीस हटकतात, हे आपण टीव्हीवर पाहतो आणि हळहळतो. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी मराठी मुला-मुलींनी आपापल्या प्रोफाइलवर काळा चौकोन लावला. मीही लावला. त्याच दिवसांत ऑफिसच्या चहाच्या टेबलावर एक मुलगी, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, म्हणाली, “ताई, आपल्याकडे हे कुणाच्या बाबतीत होतं?” मी म्हणाले, आपल्याकडे रंगाचा प्रश्न नाही. आणि घरी जाताना गाडीत मला एकदम ती दोन वह्या-पाटी-चेंडू आठवली. पंचवीस वर्षांनी.

मग वाचायला लागले. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर या तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. महाश्वेतादेवींनी ते प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत नेलं. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी माणूस असाच पोलीस कोठडीत गेला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड (तेच ‘उचल्या’वाले, लातूरकडचे) यांनी तेव्हा विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुण पोरांनी बुधनवर नाटक बसवलं आणि त्यातून बुधन थिएटर सुरू झालं. छारा हीसुद्धा एकेकाळची ‘गुन्हेगार’ जमात. आणि या सगळ्यावर ‘ब्रँडेड बाय लॉ’ नावाचं इंग्रजी पुस्तक २००१ मध्ये लिहिलं ते दिलीप डिसूझा यांनी. हे गृहस्थ शिकले संगणकशास्त्र, नोकरीही सॉफ्टवेअरचीच केली. हे वाचल्यावर माझा एक बहाणा संपला. आपण इंजिनिअर, आपल्याला यातलं काय कळतं, हा तो बहाणा.

कुणाला वाटेल हे जुनं झालं. अलीकडचं सांगते. जुलै २०२४, मध्य प्रदेशातला गुना जिल्हा. देवा पारधी नावाच्या तरुणाला चोरीच्या संशयावरून उचललं, तेही लग्नाच्या दिवशी. त्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. पोलिसांची कामं संगणकावर गेली, ते चांगलंच झालं. सीसीटीएनएस नावाची यंत्रणा २००९ मध्ये मंजूर झाली, आता देशभरातली ठाणी तिने जोडलेली आहेत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करणारी ‘मार्वल’ नावाची कंपनीही काढली. पण एक साधं गणित बघा. समजा दोन वस्त्या आहेत, दोन्हीत शंभर-शंभर माणसं आणि दोन्हीत दोन-दोन चोर. पोलीस दर वेळी पहिल्याच वस्तीत जातात. वर्षभरात पहिल्या वस्तीतल्या तीस जणांची नोंद झाली, दुसरीतल्या एकाचीही नाही. पुढच्या वर्षी संगणकाला विचारलं की चोर कुठे शोधू, तर तो काय सांगणार? तो खोटं बोलत नाही. आपण जे भरलं तेच तो परत देतो, फक्त आता त्याला ‘सिस्टिम म्हणते’ असं वजन येतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी या तरुण संशोधक बाईने दाखवलं की चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातल्या प्रणाली गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शंभरात एखाददुसरी चूकही करत नाहीत, पण सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक ३४ टक्क्यांच्या वर गेली. तेव्हाही कुणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं. शिकवायला दिलेल्या फोटोंत ते चेहरे पुरेसे नव्हते.

भोपाळला तरुण वकिलांचा एक गट आहे, क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट. निकिता सोनवणे, अमेय बोकील अशी आपल्याकडची नावं त्यात दिसतात. त्यांनी काय केलं, तर मध्य प्रदेश पोलिसांचेच एफआयआर आणि अटकेचे कागद घेतले आणि एकेक करून वाचले. लॉकडाऊनमध्ये कुणावर गुन्हे दाखल झाले, मोहाच्या दारूसाठी कुणाला धरलं, ते पोलिसांच्याच कागदांवरून दाखवलं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांची नियमपुस्तकं अशीच बसून वाचली. कुणी झाडायचं, कुणी स्वयंपाक करायचा हे जातीवर ठरवणारे नियम त्यांना सापडले, आणि भटक्या जमातीतला कैदी पळून जाणाऱ्यातलाच, असं धरून चालणारेही सापडले. २०२० मध्ये त्यांनी ते छापलं, नंतर स्वतः याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त समाजातल्या माणसांना उगाच अटक होऊ नये हे पोलिसांनी पाहावं, असंही बजावलं. एक रकाना काढला. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल, पण रकाना असला की तो भरला जातो आणि भरला की वापरला जातो, हे माझ्यासारखीला कुणी समजावून सांगायला नको.

आमचं काम याच्यापुढे फारच लहान आहे. पुण्यात आम्ही सहाजण: दोन वकील, एक सीए, तीन सॉफ्टवेअरवाले. ती चहाच्या टेबलावरची मुलगी आमची म्होरकी. संस्था नाही, नोंदणी नाही, बॅनर नाही. काही पारधी वस्त्यांवर आमचे फोन नंबर आहेत. रात्री कुणाला उचललं की फोन येतो. मग आम्ही लिहून घेतो: किती वाजता नेलं, गाडीचा नंबर काय, नावाची पट्टी होती का, कुठल्या ठाण्याला. वकील ठाण्यावर जाऊन विचारतात: अटक आहे की चौकशी? अटक असेल तर पंचनामा कुठे, नातेवाइकाला कळवलं का, वैद्यकीय तपासणी झाली का? हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणातच सांगून ठेवलं आहे. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, ते तर घटनेतच आहे. पैसे नसतील त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, १५१०० हा त्यांचा नंबर. बाकीचा वेळ आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांत जातो. कारण कागद नसलेला माणूस ठाण्यात आपण कोण आहोत हेच सिद्ध करू शकत नाही.

चुकाही केल्या. पहिल्या वर्षी एका वस्तीवरच्या धाडीचा व्हिडिओ एका बाईने आम्हाला पाठवला. आम्ही उत्साहात तो समाजमाध्यमांवर टाकला. दोन दिवस आमचं कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी कोण-कोण जाऊन आलं ते आम्हाला तिच्या नणंदेकडून कळलं. त्या बाईने आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण नंतर वर्षभर फोन केला नाही. आता तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय आम्ही काहीही बाहेर टाकत नाही. आपली नोकरी सोमवारी सकाळी शाबूत असते, त्यांची झोपडी असतेच असं नाही. हे आधीच सुचायला हवं होतं, सुचलं नाही.

आपल्या बॅचमधले दोघे पोलीस खात्यात आहेत, आज समोर बसले आहेत. त्यांच्यापैकी एकाला हे भाषण आधी वाचायला पाठवलं होतं. त्याने रात्री फोन केला. म्हणाला, “तुझं सगळं मान्य. पण एक सांगू? आम्ही पालांवर आपणहून कमी वेळा जातो. फिर्यादीच नाव घेऊन येतो. सरपंच फोन करतो, पुढारी फोन करतो, पारध्यांना आत घ्या म्हणून. नाही घेतलं तर मोर्चा माझ्याच ठाण्यावर.” मी त्याला म्हणाले, म्हणून नाकारण्याची जबाबदारी तुझी कमी होत नाही. तो म्हणाला, नाही होत. पण त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. तीनशेचाळीस रुपयांच्या वेळी तर पोलीस ठाण्याची पायरीही कुणी चढलं नव्हतं. सगळं आपणच केलं.

आणि पोलीस नसताना आपण काय करू शकतो ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात दिसलं. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या क्षेत्राने केलेला उपाय एवढाच. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षी ‘ड्रोन फिरतंय, अनोळखी बायका दिसल्या तर पकडून ठेवा’ असा मेसेज आला होता. कुणी टाकला ते सांगत नाही. एकोणीस जणांनी हात जोडले, कुणी अंगठा दाखवला. मीही तो वाचून पुढे सरकले, कामात होते. म्हणून म्हणते, एवढं तरी करू: असा मेसेज आला की “कुठल्या ठाण्यात नोंद आहे?” असं तिथेच विचारायचं. वाईटपणा येईल, येऊ द्या. आणि चोरी झाली तर फिर्यादीत जे पाहिलं ते सांगायचं. जे पाहिलं नाही त्याला जात चिकटवायची नाही. इथे दोन सरपंच बसले आहेत, एक पत्रकार आहे, चार शिक्षक आहेत. मथळा लिहिणारा हात आणि ठाण्यात फोन करणारा हात, दोन्ही याच मांडवात आहेत.

तो मुलगा मला सापडला. जनरल रजिस्टरवरून नाही, वस्त्यांवर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याकडून. जामनेरच्या बाजूला राहतो. शेतात कामाला जातो, तीन शेळ्या आहेत, थोरली मुलगी आश्रमशाळेत दहावीला आहे. मी गेले तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. मी सांगितलं, ते पैसे माझ्याच वहीत होते. तो बराच वेळ शेळीच्या दाव्याची गाठ सोडवत राहिला. मग म्हणाला, “मला मालूम होतं. म्या घेतलेच नव्हते, तर कुठंतरी असतीलच ना.” त्याची बायको चहा करायला उठली. मी माफी मागितली, ती त्याला दिल्यासारखी वाटली नाही, घेतल्यासारखीही नाही.

आजच्या कार्यक्रमाला मी त्याला बोलावलं होतं. भाडं, गाडी सगळं सांगितलं. तो नाही म्हणाला. का, विचारलं तर म्हणाला, “एवढ्या माणसांत कुणाचा मोबाइल हरवला तर?”

त्याच्या मुलीला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा शाळेचा दाखला लागतो, आणि तो याच शाळेतून निघणार आहे. मुख्याध्यापक सरांशी सकाळी बोलले. त्यांनी रजिस्टर काढून ठेवायला सांगितलं आहे, अर्ज त्याच्या सहीने यायला हवा. अर्ज मी लिहून आणला आहे. येत्या रविवारी सकाळी आठला फर्दापूरच्या टी पॉइंटवरून मी सहीसाठी निघणार आहे. माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. आठवी ‘ब’ मधल्या कुणाला यायचं असेल तर जेवणानंतर मला सांगा.